राजाला सांगितलेली ओळ

अन्नपूर्णाबाई : देठं काढ वं, देठं. देठासकट उकळल्या का रस तुरट होते. मंग उद्या लोकं तोंड वाकडं करतीन अन् म्हनतीन, पास्टरीणबाईले जमलं नाही.

राखी : काढतेच आहे, आजी. पण या मनुका भिजून इतक्या बुळबुळीत झाल्यात, चिमटीत राहतच नाहीत.

अन्नपूर्णाबाई : राहतात. जोर नको लावू. रातभर पान्यात व्हत्या, आता त्याईच्याशी मारामारी कराची गरज नाही. माह्या डोयावर ही पट्टी नसती तं मी तुले बोलावलंच नसतं. पन डाक्टर म्हने, आजी, मोतीबिंदू काढला, आता काही दिवस वाफ नाही, वाकनं नाही, वाचनं नाही. मी म्हनलं, उद्या उपासनेत सगळ्याईले पेल्यातून देतात तो प्रभुभोजनाचा रस कोन करन? तो म्हने, देव करन. डाक्टराले काय जाते बोलाले.

राखी : बरं झालं, मला शिकायला मिळालं. माझ्या माहेरी मोताळ्याला बाटलीतलं सरबत पाण्यात घालतात. इथे आले तेव्हा पहिल्यांदा हा रस चाखला.

अन्नपूर्णाबाई : माह्या सासूनं शिकवला मले. देऊळघाटच्या चर्चच्या मंडळीत रस आमच्याच घरून जाते, तिच्या वक्तापासून. पन यंदा गंमत पाय. रस माह्या घरचा, मनुका माह्या, पातेलं माहं, अन् उद्या पेला मात्र मले नाही, पास्टरनं बंद केला.

राखी : असं नका म्हणू. माफी मागितली की मिळेलच ना. मी त्यासाठीच आले. म्हणजे रसासाठीच आले, पण यांनी सांगितलं होतं, बोलून ये म्हणून.

अन्नपूर्णाबाई : मंग बोल ना. आल्यापासून पदर सारखा करून राह्यली. एक डोया झाकला तरी दुसऱ्यानं दिसते मले.

राखी : तुम्ही उद्या उपासनेत उभं राहायचं. एवढंच म्हणायचं, की मागच्या रविवारी मी भर मंडळीत पास्टरसाहेबांना उलट प्रश्न केला, चूक झाली, क्षमा करा. झालं. लगेच बसायचं. पेलाही मिळेल, आणि कोणी पुन्हा विषय काढणार नाही.

अन्नपूर्णाबाई : अन् करिष्मा?

राखी : तिचं तर ठरलंय ना. तिनं जायचं नाही.

अन्नपूर्णाबाई : मंग झालं कुठी? मी माफी मागली म्हंजे माह्या नातीनं जाऊ नाही, हे मीच कबूल केलं. सोमवारी पोरीची गाडी हाय. अकोल्याले नर्सिंगले नंबर लागला तिचा. सोमवारी तिथं नाही पोचली तं जागा दुसरीले देतीन. सुवर्णानं, म्हंजे माह्या सुनेनं, बॅग भरली व्हती. रविवारपासून ती बॅग पलंगाखाली सारून ठेवली. मी म्हनलं, काऊन वं? तं म्हने, पास्टर म्हनतात त्याच्या बाहेर पाऊल टाकलं अन् पोरीले काही झालं तं मी काय करू. पोरगी दोन घास खाते अन् भिंतीकडे तोंड करून निजते.

राखी : तिचे वडील काय म्हणतात?

अन्नपूर्णाबाई : भगवान? तो तिकडे पुन्याले गाडी चालवते. फोनवर म्हनते, माय, तू अन् सुवर्णा ठरवा. आता तूच सांग. तू त्या दिवशी पुढंच बसली व्हती. तुह्या नवऱ्यानं सगळ्याईसमोर सांगतलं, मले देवाकडून वचन मिळालं, ही मुलगी गाव सोडनार नाही, इथंच राहून पेटी वाजवीन. मी उठून काय वाईट इचारलं?

राखी : तुम्ही विचारलं, की हे वचन कसं मिळालं, आणि जिला जायचंय तिला का नाही मिळालं.

अन्नपूर्णाबाई : बस. एवढंच.

राखी : एवढंच नाही. तुम्ही म्हणालात, देवाकडे तिचा मोबाईल नंबर नाही का. मागच्या रांगेत सगळे हसले.

अन्नपूर्णाबाई : ते जरा जास्त झालं. तेवढ्याची माफी मागते म्हना मी. हसवाची नाही, इचाराची कायची माफी?

राखी : पण विचारणंच तर… वचन आहे ना आजी. देवाच्या अभिषिक्ताला, म्हणजे त्यानं निवडलेल्या माणसाला, हात लावायचा नाही. आता तर व्यासपीठामागे फ्लेक्सवरच आहे.

अन्नपूर्णाबाई : पाह्यला मी तो फ्लेक्स. एका बाजूनं सिंह, दुसऱ्या बाजूनं पास्टरचा फोटो, अन् मधात ती ओळ. मी म्हनलं सिंहाले चष्मा घातला असता तं ओळखू आला नसता कोन कोन हाय.

राखी : आजी.

अन्नपूर्णाबाई : बरं, नाही बोलत. पन ती ओळ मले पाठ हाय, बरं का. तुह्या नवऱ्याच्या जन्माआधीपासून. ल्हानपनी माह्या वाट्याले आली व्हती ती.

राखी : वाट्याला म्हणजे?

अन्नपूर्णाबाई : आमच्या घरी दिवेलागनीले बाप बायबल उघडे. सगळे गोल बसत. एक ओळ एकानं वाचाची, दुसरी दुसऱ्यानं, अशी पाळी फिरे. मी काय करू, आपल्या आधी किती डोके हायेत ते मोजू, अन् आपली ओळ पहिलेच हेरून ठेवू. मनातल्या मनात घोकू. पाळी आली का धाडकन म्हनू. बाप म्हने, माही अन्नपूर्णा किती साफ वाचते.

राखी : आम्ही पण तसंच करायचो. मोताळ्याला आम्ही भावंडं, काका, काकू, सगळे. माझ्या ओळीत अवघड नावं आली की मी पाणी प्यायला उठायची. परत येईपर्यंत ती ओळ धाकटीच्या गळ्यात.

अन्नपूर्णाबाई : मंग तुले बी माहीत हाय. आपली ओळ सोडून बाकीच्याईनं काय वाचलं, ते कोनाले ऐकू येते? म्हनून म्हनते, त्या ओळीच्या आधी काय हाय, तुले ठाऊक हाय का?

राखी : आधी? नाही बा.

अन्नपूर्णाबाई : मले बी नाही. माह्या आधी माहा भाऊ हिंमत वाचे. त्याचं मी जलमात कधी ऐकलं नाही. पाय बरं काय वाचे तो. बायबल तिथं शिलाई मशीनवर हाय.

राखी : मोबाईलवर बघते ना. यांनी सकाळीच मंडळीच्या ग्रुपवर टाकलंय… हे बघा. पण ही एकटीच ओळ आहे. मागे सूर्य उगवतोय.

अन्नपूर्णाबाई : सूर्य राहू दे. पुस्तक आन. अन् येतायेता गॅस लाव, मनुका झाल्या ना निवडून?

राखी : झाल्या. आजी, मला थोडं कसंतरी वाटतंय. असं शोधायला बसणं म्हणजे शंका घेतल्यासारखं नाही का?

अन्नपूर्णाबाई : कायची शंका? देवाचंच पुस्तक हाय. चार ओळी जास्तीच्या वाचल्या तं देव कावून उठन का? माह्या भगवानले मी ल्हानपनी उठताबसता ऐकवू, लेकरांनो, मायबापाचं ऐका, असं लिहून हाय. एक दिवस पोट्टा तेच पान उघडून आला. म्हने, माय, याच्या खाली लिहून हाय, बापांनो, लेकराईले चिडीले आनू नका. त्या दिवशी त्याच्या बापानं त्याले सायकल दिली.

राखी : खरंच? बरं, थांबा. स्तोत्रसंहिता… एकशे पाच. हे मिळालं. मोठं आहे हो स्तोत्र.

अन्नपूर्णाबाई : आपल्या ओळीच्या थोडी वरतून धर.

राखी : इथे अब्राहाम, इसहाक, याकोब यांची गोष्ट चाललीय. देव याकोबाशी करार पक्का करतो, म्हणतो, हा देश मी तुम्हाला देईन. मग पुढे आहे, तेव्हा ते मोजके होते, अगदी थोडे, आणि त्या देशात उपरे होते. एका राष्ट्रातून दुसऱ्या राष्ट्रात, एका राज्यातून दुसऱ्या लोकांत भटकत होते.

अन्नपूर्णाबाई : भटकत व्हते. म्हंजे ते दिवाळीनंतर मेंढरं घेऊन येतात तसे? आपल्या वावरात बसतात, चार दिवसानं पाल उचलून पुढं जातात.

राखी : तसेच असतील. अब्राहामाकडे मेंढरं होतीच. जमीन नव्हती.

अन्नपूर्णाबाई : अन् मंग?

राखी : मग, त्यानं कोणालाही त्यांच्यावर जुलूम करू दिला नाही. त्यांच्यासाठी त्यानं राजांना दम दिला. आणि मग ती ओळ. माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका.

अन्नपूर्णाबाई : राजाईले?

राखी : हो. राजांना.

अन्नपूर्णाबाई : पुन्हा वाच बरं.

राखी : त्यांच्यासाठी त्यानं राजांना दम दिला.

अन्नपूर्णाबाई : म्हंजे हिंमत हे वाचे. पाय ना. पन्नास-साठ वर्सं झाले, अन् मले वाटे ती ओळ सगळ्या लोकाईले सांगतली हाय. ते तं राजाले सांगतलं व्हतं. अन् कोनासाठी? जमीन नाही, घर नाही, पाठीशी मानूस नाही, अशा उपऱ्यासाठी.

राखी : मला पण हे माहीत नव्हतं. मी मंडळीच्या मुलांना ही ओळ चाल लावून शिकवलीय हो. टाळ्या वाजवत म्हणतात ती.

अन्नपूर्णाबाई : पातेल्याकडे पाय, उकळी आली असन. अन् कोनता राजा व्हता? कोनाले हात लावून राह्यला व्हता तो?

राखी : ते इथे नाही दिलेलं. थांबा, गॅस बारीक करते… हां. खाली बारीक अक्षरात दुसऱ्या जागा दिल्यात. उत्पत्ती, अध्याय वीस. काढू का?

अन्नपूर्णाबाई : इचारतं काय? काढ. मले तं आता चैन पडत नाही.

राखी : अब्राहाम गरार नावाच्या गावी राहायला गेला. आणि तिथे त्यानं आपल्या बायकोबद्दल, सारेबद्दल, सांगितलं की ही माझी बहीण आहे.

अन्नपूर्णाबाई : काऊन बा?

राखी : ते अजून आलं नाही. मग गरारचा राजा अबीमलेख, त्यानं माणसं पाठवून सारेला आपल्या घरी नेलं.

अन्नपूर्णाबाई : बापा. म्हंजे हात लावनं म्हंजे हे व्हतं. परक्याची बायको उचलून नेनं.

राखी : हो ना. मग रात्री देव राजाच्या स्वप्नात आला. म्हणाला, तू मेलास असं समज, ती दुसऱ्याची बायको आहे. राजा म्हणाला, मला काय माहीत, तोच म्हणाला बहीण आहे, आणि तीही म्हणाली भाऊ आहे. देव म्हणाला, मला ठाऊक आहे, म्हणूनच मी तुला तिला हात लावू दिला नाही. आता तिला परत दे. तो माणूस संदेष्टा आहे, तो तुझ्यासाठी प्रार्थना करील.

अन्नपूर्णाबाई : अन् सारा काय म्हनते?

राखी : ती… या अध्यायात ती स्वतः काहीच बोलत नाही. राजा सांगतो तेवढंच.

अन्नपूर्णाबाई : पाय. नवऱ्यानं सांगतलं बहीन, ती बहीन झाली. राजानं नेलं, गेली. तुले कुठी जाचं हाय वं, असं तिले कोनीच इचारलं नाही. देवाले बिचाऱ्याले राती जागून निस्तरा लागलं. झाऱ्यानं दाबत जा त्याईले, फुटल्या पायजे. चांगल्या कुस्करल्याशिवाय रंग नाही येत.

राखी : दाबतेय. आजी, पुढचं तुम्ही ऐकाच. सकाळी उठून राजानं अब्राहामाला बोलावलं आणि विचारलं, तू आम्हाला हे काय केलंस? मी तुझं काय वाईट केलं होतं? तुला असं दिसलं तरी काय, की तू असं वागलास?

अन्नपूर्णाबाई : कोनाले इचारलं?

राखी : अब्राहामाला. संदेष्ट्याला.

अन्नपूर्णाबाई : देवानं राती दम दिल्यावर?

राखी : दम दिल्यावर. लगेच दुसऱ्या सकाळी. आणि एकदा नाही, तीन-तीनदा विचारतो.

अन्नपूर्णाबाई : मंग देवानं मारलं त्याले?

राखी : नाही. काहीच नाही केलं.

अन्नपूर्णाबाई : अन् अब्राहाम म्हनला का, मी अभिषिक्त हाओ, मले इचारू नको?

राखी : नाही म्हणाला. त्यानं उत्तर दिलं. म्हणजे, फार चांगलं उत्तर नाही दिलं. म्हणाला, मला वाटलं या गावात कोणाला देवाचं भय नसेल, बायकोपायी मला मारून टाकतील.

अन्नपूर्णाबाई : भेव वाटलं म्हना.

राखी : हो. भीती वाटली.

अन्नपूर्णाबाई : एवढा मोठा मानूस. बरं वाटलं वं मले हे ऐकून. काऊन बरं वाटलं ते नाही सांगता येत. अन् तुहा झारा काऊन थांबला?

राखी : काही नाही. मी पण विचारलं होतं आजी. घरी. त्या रविवारच्या आधीच, यांनी मला सांगितलं तेव्हा. मी म्हटलं, अहो, स्वप्नात मिळालं की जागेपणी? मला खरंच जाणून घ्यायचं होतं. मला कधी असं काही मिळालं नाही, तर कसं असतं ते ऐकावं, एवढंच मनात होतं.

अन्नपूर्णाबाई : अन् काय म्हनला?

राखी : हीच ओळ म्हणाले. मग मी काही विचारलं नाही. त्याच्याबद्दल नाही, आणि दुसऱ्याही कशाबद्दल नाही. भाजी कोणती करू, तेवढं विचारते.

अन्नपूर्णाबाई : गॅस बंद कर. फडकं धर पातेल्यावर. मी ओतते, तू पिळ. वाफ लागते तं लागू दे डोयाले. आपल्या पोरीसारखी तू, अन् मले माहीत बी नाही घरी असं हाय.

राखी : वाईट नाहीत हो ते. आजारी माणसाजवळ रात्र रात्र बसतात. तुमच्या ऑपरेशनला बुलढाण्याला तेच घेऊन गेले ना? एका शिबिरात कोणी मोठे पाहुणे आले होते, त्यांनी सांगितलं, पाळकानं आपला अधिकार सोडला की मंडळी फुटते. तेव्हापासून हे सुरू झालं. तिथूनच ती ओळ आणली.

अन्नपूर्णाबाई : वाईट कोन म्हनते. दवाखान्यात माह्या चपला हातात धरून उभा व्हता तो. म्हनून तं मले जास्त लागलं.

(अंगणात मोटरसायकल थांबते. राखीचा नवरा, पास्टर गजेंद्र, दारात येतो.)

गजेंद्र : जय ख्रिस्त, आजी. प्रभूची कृपा असो या घरावर. रस झाला वाटतं, वास बाहेरपर्यंत येतोय.

अन्नपूर्णाबाई : जय ख्रिस्त. या पास्टर. रस आताच गाळला, थंड होऊ द्या लागते. बसा.

गजेंद्र : बसत नाही, उद्याच्या संदेशाची तयारी करायची आहे. राखी, आजींशी बोलणं झालं का? आजी, मनात किंतु ठेवू नका. तुमच्यावर माझं प्रेमच आहे. पण आत्मिक आच्छादन म्हणून एक गोष्ट असते. पाळकाच्या त्या छत्राखालून माणूस बाहेर पडला की शत्रूला, सैतानाला वाट मिळते. तुमच्या भल्यासाठीच मी हे करतोय.

अन्नपूर्णाबाई : बोलनं झालं. मी सांगते काय ते. पन रस थंड होईलोक जरा बसा. आमच्या घरची रीत हाय, चार मानसं बसली का एक तुकडा वाचाचा, पाळीपाळीनं. डोया झाल्यापासून वाचनच नाही झालं.

गजेंद्र : वचनाला नाही कसं म्हणणार. कुठून वाचायचं?

अन्नपूर्णाबाई : राखी, तेच पान. याकोबाचं हाय ना, करार पक्का केला, तिथून धर. पहिली ओळ तुही, दुसरी पास्टरची, तिसरी माही. माही मी तोंडपाठ म्हनते.

राखी : तोच करार त्यानं याकोबासाठी नियम म्हणून कायम केला.

गजेंद्र : तो म्हणाला, कनान देश मी तुम्हाला वतन म्हणून वाटून देईन.

अन्नपूर्णाबाई : तवा ते मोजके व्हते, थोडेसेच, अन् उपरे व्हते.

राखी : एका राष्ट्रातून दुसऱ्या राष्ट्रात, एका राज्यातून दुसऱ्या लोकांत ते भटकत होते.

गजेंद्र : त्यानं कोणालाही त्यांच्यावर जुलूम करू दिला नाही. त्यांच्यासाठी त्यानं… राजांना…

अन्नपूर्णाबाई : वाचा ना. साफ तं छापलं हाय.

गजेंद्र : त्यांच्यासाठी त्यानं राजांना दम दिला.

अन्नपूर्णाबाई : अन् पुढची ओळ माही. ती तुमाले बी पाठ हाय. म्हनत नाही मी.

गजेंद्र : तुम्ही मोजून ठेवलं होतं आजी.

अन्नपूर्णाबाई : हाव. ल्हानपनापासून माही ओळ मोजत आली. दुसऱ्याची आज पहिल्यांदा मोजली.

गजेंद्र : ठीक आहे. ही ओळ राजांना आहे, मान्य. पण तत्त्व तर तेच राहतं ना? दावीद बघा. शौल त्याच्या जिवावर उठला होता, गुहेत एकटा हाती सापडला, तरी दावीदानं त्याला मारलं नाही. का? तर तो देवाचा अभिषिक्त होता.

अन्नपूर्णाबाई : मारलं नाही, बरोबर केलं. मी कुठी तुमाले मारून राह्यली. मले ती गोष्ट पूर्ण नाही येत. मारलं नाही, अन् मंग गुपचाप घरी गेला का तो?

गजेंद्र : नाही. झग्याचा काठ कापून घेतला होता, तर तो…

अन्नपूर्णाबाई : तर तो काय?

गजेंद्र : गुहेबाहेर आला. शौलाला हाक मारली. जमिनीपर्यंत वाकून नमस्कार केला. आणि मग इचारलं.

राखी : काय विचारलं?

गजेंद्र : लोकांचं ऐकून माह्यामागं का लागला, असं. दोन्ही फौजांसमोर. मोठ्यानं.

अन्नपूर्णाबाई : फौजांसमोर.

गजेंद्र : मी हा भाग कितीदा शिकवला आजी. शिबिरातही झाला. तिथं सांगनारा नेहमी गुहेतच थांबे. मी बी तिथंच थांबलो.

राखी : अहो, मी एक विचारू का?

गजेंद्र : काय?

राखी : भाजीचं नाही विचारत.

गजेंद्र : इचार.

राखी : करिष्माबद्दल तुम्हाला खरंच वचन मिळालं होतं का? मी भांडत नाहीये. मला फक्त कळून घ्यायचंय.

गजेंद्र : इथं? आजीसमोर?

राखी : त्यांचीच नात आहे.

गजेंद्र : मी त्या रात्री प्रार्थनेले बसलो व्हतो, हे खरं हाय. मले तिच्या नंबराचं कळलं त्याच दिवशी. तबला वाजवनारा गणेश गाव सोडून गेला, वंदनाताईच्या दोघी पोरी गेल्या. आता हे पोरगी गेली का पेटीले हात लावनारं कोनी नाही. रविवारी पुढं उभा राह्यलो का मले खुर्च्या दिसतात, मानसं कमी अन् खुर्च्या जास्त. पहाटे मनात आलं, तिनं राहावं. लय जोरानं आलं. मी म्हनलं, हे देवाकडूनच असन. कोनाकडून आलं, ते मी स्वतःले बी इचारलं नाही. मले भेव वाटलं, राखी. सगळे गेल्यावर मी कोनाचा पास्टर?

राखी : मग हे मला का नाही सांगितलं तुम्ही? त्याच दिवशी?

गजेंद्र : तू इचारलं तवाच ते भेव बाहेर येईन असं वाटलं. म्हनून वचन सांगून टाकलं.

अन्नपूर्णाबाई : अब्राहाम बी हेच म्हनला व्हता.

गजेंद्र : अब्राहाम? कुठी?

अन्नपूर्णाबाई : तुही बायको सांगन घरी गेल्यावर. लय चांगली सांगते ती, मधात थांबत नाही.

गजेंद्र : आजी, उद्या तुम्ही उभं राहू नका. मी राहतो. काय बोलायचं ते माहीत नाही अजून. तो फ्लेक्स पन माह्या मागंच असन.

अन्नपूर्णाबाई : असू दे. जास्त बोलू नको बापू. हे पान सगळ्याईले वाचाले लाव, पाळीपाळीनं, अन् एकमेकाचं ऐका म्हना. अन् मोबाईल नंबराचं मी बोलली, ते नव्हतं बोलाचं. तुह्या तोंडावर लोकं हसले, त्याचं मले वाईट वाटलं. सुवर्णाले मातर तूच सांग आज, पोरीची बॅग पलंगाखालून काढ म्हनून. माह्या सांगन्यानं नाही काढत ती.

गजेंद्र : जातानाच सांगतो. घरी हाय ना?

अन्नपूर्णाबाई : मागं वाड्यात धुनं धुऊन राह्यली. राखी, रस चाखून पाय. तुरट तं नाही?

राखी : नाही. तुमच्यासारखाच झालाय.

अन्नपूर्णाबाई : माह्यासारखा कायले, तुह्यासारखा झाला. भर बाटलीत. अन् पास्टर, आमी त्या अब्राहामाच्या अध्यायात अजून एक वाचलं. देव राजाले म्हने, हा संदेष्टा हाय, हा तुह्यासाठी प्रार्थना करन. म्हंजे काम ते व्हतं त्याचं. सोमवारी सकाळी माही नात फाट्यावर बॅग घेऊन उभी राहीन. घाबरट हाय पोरगी, घर सोडून कधी राह्यली नाही. तू यावं असं मी सांगत नाही. येतं का, हे इचारून राह्यली.

गजेंद्र : गाडी किती वाजताची हाय, आजी?